पाहुण्यांसाठी जुनं भात

६ ऑक्टोबर, मुरबाड

बेटावरचे तिघे आज पोचले. देशाचं नाव लिहीत नाही. करारात गोपनीयतेचं कलम आहे आणि ते वाचून मी सही केली आहे. समुद्रापलीकडचं एक बेट, तिन्ही त्रिकाळ भात खाणारी माणसं, एवढं पुरे.

भारत सरकार त्या देशाला चोवीस भातगिरण्या भेट देतंय. त्या आमच्या एमआयडीसीतल्या कारखान्यात तयार झाल्या. भेटीच्या बदल्यात काही नाही, असं कागद म्हणतात. तिकडच्या बंदराचं काम आपल्या लोकांना हवंय, असं मनोज सर म्हणतात. सर कारखान्याचे मॅनेजर. मी टेस्टिंग बघते.

तिघांपैकी दोन पुरुष अधिकारी कल्याणच्या हॉटेलात राहतील. तिसरी हांता, मेकॅनिकल इंजिनिअर, चाळिशीची. गिरण्या पसंत आहेत ही सही तिची लागते. ती झाली की माल न्हावा-शेवाला जाणार. बाईमाणूस एकटं हॉटेलात नको म्हणून सरांनी तिला माझ्या खोलीत ठेवलं. खोली कंपनीची, कारखान्याच्या कुंपणाच्या आत. दुसरी खाट आणली, मध्ये पडदा लावला.

सरांनी सांगितलंय की तिला कुठेही एकटं सोडायचं नाही, परका मुलूख आहे. रोज संध्याकाळी त्यांना चार ओळी पाठवायच्या: काय खाल्लं, कुठे गेली, कोणाशी बोलली. पाहुणचारात कमी राहू नये म्हणून. तिचा पासपोर्ट नोंदणीसाठी ऑफिसच्या कपाटात ठेवला. किल्ली माझ्याकडे दिली, कारण मी वस्तू हरवत नाही.

रिपोर्टात जे बसत नाही ते या वहीत लिहीन.

८ ऑक्टोबर

पहिली चाचणी. कणी, म्हणजे मोडलेला दाणा, शंभरात सहा पडली. करारात दहापर्यंत चालते. सरांनी पेढे आणून ठेवले होते.

हांताने सही केली नाही. पोत्यात हात घालून तिने एक दाणा दाताखाली धरला. टक् आवाज आला. (आम्ही दोघी मोडक्या इंग्रजीत बोलतो, इथे मराठीत लिहिते.)

"हे भात कधीचं?"

"गेल्या वर्षीचं," मी म्हटलं. मला ते सांगताना बरं वाटलं. आमच्याकडे जुनं ते चांगलं. नव्याचा गोळा होतो, पोटाला जड पडतो. चाचणीचं भात आम्ही नेहमीच आसपासच्या घरांतून, जुनं बघून आणतो.

"आमच्याकडे कापतात, दोन दिवस रस्त्यावर वाळवतात आणि लगेच गिरणीत आणतात," ती म्हणाली. "नवं घालून दाखवा."

सर हसले. "मॅडम, नवं अजून शेतात उभं आहे."

गरवं, उशिरा पिकणारं भात उभं आहे हे खरं. हळवं कापून झालंय. मला कोणी विचारलं नव्हतं. पेढे कामगारांना वाटले.

१२ ऑक्टोबर, गाव

सरांच्या परवानगीने हांताला घरी आणलं. आमचं गाव शहापूर तालुक्यात, किन्हवलीच्या पुढे. गाडी जैतूने आणली. जैतू कंपनीचा ड्रायव्हर, ठाकूरवाडीतला. वाटभर तो तिच्याशी ठाकरीत बोलला आणि ती त्याच्याशी तिच्या भाषेत. मी विचारलं, तुला काय कळतंय?

"तिला माझा नाय कळत, मला तिचा नाय कळत. म्हणून भांडण नाय, ताई," तो म्हणाला. "घरी बायकोचा सगला कळतो."

आमच्या दारावर नव्या लोंब्यांचं तोरण होतं, पुनवेला बांधलेलं. हांताने एक लोंबी हातात धरून पाहिली.

"हे तर कापून झालंय."

"हळवं लवकर होतं."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "पण दारावर का? खात का नाही?"

मी सांगितलं: नवं देवाला दाखवतात, दाराला बांधतात, घरातले एकेक घास खातात आणि बाकीचं कणगीत जातं. कणगी तिला दाखवली: बांबूची, शेणाने सारवलेली, पुरुषभर उंच. आमची एक आहे ती यंदा उघडली, दुसरी पुढच्या वर्षी उघडेल.

आईच्या मसाल्याच्या डब्यातून तिने लवंग उचलली, हुंगली आणि छातीवर हात ठेवला. "ही आमच्याकडची."

"काय बोलतंय ती?" आईने विचारलं.

"लवंग त्यांच्या देशातली आहे म्हणते."

"असंल. मी शहापूरच्या बाजारातून आणली."

हांताने जेवायला नवा तांदूळ मागितला. मी आईला सांगितलं. आईने पळी खाली ठेवली.

"पाहुणीला नवा तांदूळ वाढू? उद्या अख्खा गाव मला बोलंल, सरस्वतीची कणगी आटली. तिला सांग गो, आमी एवढे पण गेलेले नाय."

दोन वर्षांच्या जुन्या तांदळाचा भात झाला. मोकळा, पांढरा, दाणा न् दाणा वेगळा. हांताने एकदाच वाढून घेतला.

रिपोर्ट: भात, वरण, वांग्याची भाजी. समाधानाने जेवल्या.

१५ ऑक्टोबर, मुरबाड

बेटावर सरकार पडलं. हांताला फोनवर कळलं, मला कॅन्टीनच्या टीव्हीवर. खालच्या पट्टीत एक ओळ आली आणि गेली. तिची म्हातारी आई राजधानीत एकटी असते. एकदा फोन लागला, मग लागेना.

दोघे पुरुष अधिकारी दिल्लीला त्यांच्या वकिलातीत गेले. हांतालाही जायचं होतं. सर म्हणाले, तुमचं तिकीट कंपनी काढेल. "सही, तिकीट, पासपोर्ट, सगळं एकदमच करून टाकू."

"आणि सही केली नाही तर?"

"मॅडम, चहा घ्या," सर म्हणाले.

दिल्लीहून मंत्रालयाच्या साहेबांचा फोन होता. अशा वेळी भेट पोचली तर नवं सरकार आपली आठवण ठेवील. दहा नोव्हेंबरचं जहाज चुकता कामा नये.

पासपोर्टाची नोंदणी आठवड्यापूर्वीच झाली. तो अजून कपाटात आहे. तिथे सुरक्षित आहे.

१७ ऑक्टोबर

हांताने जैतूला खुणांनी विचारलं, कल्याणला सोडशील का. जैतू म्हणाला, उद्या सांगतो. मी जवळच होते. रिपोर्टात 'कोणाशी बोलली' हा मुद्दा आहे, म्हणून लिहिलं.

१८ ऑक्टोबर

जैतूला गाडीवरून काढून लोडिंगला लावलं. गेटवर नवा वॉचमन आहे. कारण कळवलेलं नाही.

संध्याकाळी हांता आवारात फिरते. गेटपर्यंत जाते, वळते, मागच्या भिंतीपर्यंत जाते, वळते. मी बरोबर असते. आज म्हणाली, "तुला कंटाळा येत नाही?" मी म्हटलं, मला सवय आहे. इथे राहायला लागून मला तीन वर्षं झाली.

२२ ऑक्टोबर, गाव

दिवाळीची सुट्टी. हांताला घेऊन घरी आले. कारखाना बंद असताना तिला तिथे ठेवणं बरं दिसत नाही, असं सर म्हणाले. सोडायला आणि न्यायला गाडी.

आईने पुन्हा स्थळाचा विषय काढला. मुलगा आसनगावला, स्वतःची खोली. "तू हो म्हण, नायतर कायम त्या पत्र्याच्या खोलीत ऱ्हा."

दुपारी हांता गावाबाहेर कातकरीवाडीकडे चालत गेली. मी मागे. हौशी अंगणात भात कांडत होती. ती कापणीला आमच्याकडे येते. मजुरीचं भात घेऊन जाते. हे आठ दिवसांपूर्वी कापलेलं.

"नवंच कांडतेस?" मी विचारलं. विचारायची गरज नव्हती.

"मग! जुना व्हायला टाइम भेटला पायजे ना त्याला. घरात आठ तोंडं."

हांताने तिच्या हातातलं मुसळ घेतलं आणि कांडायला लागली. बोलण्यापेक्षा ते तिला चांगलं येत होतं. हौशी कमरेवर हात ठेवून बघत राहिली.

"ही कुठची गो, राहीबाय? हात तं आमच्यावानी चालतंय."

"लांबची."

"लांब म्हंजे? कसाऱ्याच्या वर?"

"समुद्रापलीकडची. गिरण्या न्यायला आली."

"न्या, न्या. एक मला पण ठेवा. खांदं गेलं माझं."

हौशीने पेज दिली. घट्ट, चिकट, वाफेला गोड वास. हांताने दोनदा मागून घेतली. आमच्या घरी ती एकदाच घेते, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

परत येताना तिने एवढंच विचारलं, "हिचं भात तुमच्या गिरणीत कधी आलंय का?"

"नाही. ती कांडते."

निघताना मी हौशीकडून एक पिशवी भात घेतलं. हे रिपोर्टात लिहिलं नाही. भात म्हणजे माणूस नव्हे. रिपोर्टात त्याला रकाना नाही.

२५ ऑक्टोबर, मुरबाड

कारखाना सोमवारी उघडेल. आज शेड रिकामी होती. हौशीचं भात दोन दिवस पत्र्यावर वाळवून घातलं. कणी शंभरात चौतीस.

पात्याची फट वाढवली, वेग कमी केला. एकतीस. आणखी कमी केला तर साल राहतं.

कारण साधं आहे. आमची गिरणी एका दमात सालही काढते आणि पॉलिशही करते. उन्हात घाईने वाळलेल्या नव्या दाण्याला आतून बारीक चिरा असतात, तो हा दाब सोसत नाही. कणगीत वर्षभर मुरलेला सोसतो. साल काढायला वेगळे रबरी रोलर आणि पॉलिशला वेगळा भाग केला तर निभेल. चोवीस गिरण्यांना दोन महिने.

हे आम्हाला इतक्या वर्षांत कळलं नाही, कारण नवं भात घेऊन गिरणीत कोणी येतच नाही. ज्यांच्याकडे कणगी आहे ते थांबतात. ज्यांच्याकडे नाही त्यांना आम्ही कधी मोजलं नाही.

हांता दाराशी स्टुलावर बसली होती. मी तिला आकडा सांगितला नाही. तिने विचारलाही नाही. परातीतली कणी ती बोटाने एका बाजूला सारत बसली.

२७ ऑक्टोबर

सरांना सांगितलं. त्यांनी दार लावून घेतलं.

"चाचणी कोणाला विचारून घेतलीस?"

"कोणाला नाही."

"करारात काय लिहिलंय? ओलावा चौदा टक्के. नवं-जुनं लिहिलंय?"

"नाही."

"मग? तू इंजिनिअर आहेस, वकील नाही."

शब्दाला धरून बोलायचं तर त्यांचं बरोबर आहे. गिरणी कराराप्रमाणे आहे. तिच्यात नवं भात पडेल की जुनं, ते करारात नाही.

"राही," ते मग हळू बोलले, "तुझ्या बाबांनी, देवजीकाकांनी, तुला माझ्या हातात दिली. मी तुला कधी कमी केलं? जहाज चुकलं तर अडीचशे माणसं बसून राहतील. आणि दिल्लीवाले म्हणतील, मुरबाडच्या लोकांना काम देऊ नका."

अडीचशे हा आकडाही खरा आहे.

२९ ऑक्टोबर

सरांनी बातमी दिली. गिरण्या बसवायला आणि तिकडच्या लोकांना शिकवायला एक माणूस दोन वर्षं बेटावर जाणार. माझं नाव दिलंय. माझा पासपोर्ट कंपनीने ऑगस्टमध्येच बनवून घेतला होता. का, ते आज कळलं. तो त्याच कपाटात, हांताच्या पासपोर्टावर ठेवलेला आहे.

दोन वर्षं. मुरबाड नाही, आसनगावची खोली नाही. बेटाचा नकाशा मी मोबाईलवर बऱ्याच वेळा मोठा करून पाहिला.

गिरण्या गेल्या तरच मी जाणार.

हांताला सांगितलं. ती म्हणाली, "छान. मग आमचे शेतकरी कणी घेऊन येतील तेव्हा दारात तू उभी असशील."

३ नोव्हेंबर

हांताच्या आईचा फोन लागला. बरी आहे. हांताच्या कार्यालयात नवे लोक बसलेत. आधीच्या सरकारने कोणाकडून काय घेतलं, कोणी सही केली, हे विचारतायत. वाईट गिरण्या पसंत केल्या तर तिची नोकरी जाईल, कदाचित आणखी काही होईल. सही न करता राहिली तर ती इथेच अडकेल. तिने हे सगळं मला शांतपणे सांगितलं, मशीनचा बिघाड सांगावा तसं.

दुपारी लोडिंगवर जैतू भेटला. मी विचारलं, गाडी का सोडलीस?

"मी सोडली? ताई, मला सरांनी बोलावला आणि बोलले, पावणीला कल्याणला न्यायचा इचार हाय म्हणे तुझा. मी बोललो, साहेब, मी तं कोणाला बोललो पण नाय. तिथं तीनच माणसा होती. मी, ती आणि..."

तो दोरी आवळायला लागला.

आजचा रिपोर्ट पाठवला नाही. सरांचा मेसेज आला: 'सगळं ठीक?' मी 'हो' लिहिलं.

५ नोव्हेंबर

दिल्लीचे साहेब शुक्रवारी येणार. त्यांच्यासमोर नव्या भाताची चाचणी होईल, हांताची मागणी मान्य केली म्हणून. मला वाटलं, सरांचं मन वळलं.

मग ते म्हणाले, "भात देवजीकाका आणतायत. मी फोन केला. म्हटलं, दिल्लीचे पाहुणे आहेत, घरातलं चांगलं आणा. किती खूश झाले माहितीये?"

"बाबा जुनं आणतील."

"पाहुण्यांना कोण नवं देतं?" सर हसले. "पोत्यावर वय लिहिलेलं नसतं. मशीन तू चालवणार, आकडा तू वाचणार. हांताला कळलं तरी ती सही करेल. तिला घरी जायचंय."

बाबांना फोन लावला. मी काही बोलायच्या आत तेच म्हणाले, "खालच्या थरातला काढलाय गो. दोन पावसाळं खाल्लेला. तुझी मान खाली जायची नाय." मी फोन ठेवला.

६ नोव्हेंबर

संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर कपाट उघडलं. माझा पासपोर्ट बाजूला केला, हांताचा काढला, कपाट लावलं. खोलीत जाऊन तिच्या हातात दिला.

ती आभार मानेल असं मला वाटलं असावं. कारण तिने मानले नाहीत हे मला जाणवलं.

"किल्ली कोणाकडे होती?"

"माझ्याकडे."

"पहिल्या दिवसापासून?"

"हो."

ती पासपोर्टाची पानं उलटत राहिली. "मला वाटायचं, तुलाही माझ्यासारखं कोंडलंय."

मी म्हटलं, मला कोणी उघडायला सांगितलं नव्हतं. बोलताना ते मला ऐकू आलं.

जैतूला विचारून ठेवलं होतं; त्याचा भाऊ टमटम घेऊन मागच्या रस्त्यावर थांबायला तयार होता. हांताने नको म्हटलं. "मी पळून गेले तर माझ्या जागी दिल्लीत बसलेले दोघे सही करतील. उद्या मला समोर बसू दे. दुसरं भात मिळेल?"

जैतूला हौशीकडे पाठवलं. त्याने तिथूनच फोन केला. "हौशी बोलतंय, एक पोतं देते, बदल्यात राहीबाय जुना देल ना? देल तर ने." मी म्हटलं, शब्द दिला म्हणून सांग.

७ नोव्हेंबर

बाबा टेम्पोतून आले. दिवाळीचा शर्ट, पांढरी टोपी, दोन पोती. कामगारांना हात लावू दिला नाही, पोती स्वतः उतरवली. दिल्लीच्या साहेबांसमोर जाऊन हात जोडले.

"दोन पावसाळं खाल्लेला हाय, साहेब. आमच्या कणगीतला."

सरांनी साहेबांना इंग्रजीत सांगितलं, "शेतकरी म्हणतोय, कालच शेतातून आणलं."

साहेबांनी मान डोलावली. बाबांनीही डोलावली. ती दोन्ही वाक्यं कळणारी माणसं तिथे दोघंच होती, सर आणि मी. हांता खुर्चीवर बसून माझ्याकडे बघत होती.

बाबांनी पोत्याचं तोंड सोडून माझ्याकडे केलं. "घाल, बाय. तूच घाल."

मी हात पुढे केला नाही. साहेबांना इंग्रजीत सांगितलं, "हे भात दोन वर्षांचं आहे. चाचणी नव्या भाताची आहे. नवं त्या पोत्यात आहे, जैतूजवळ."

साहेबांनी सरांकडे पाहिलं. सर माझ्याकडे बघत होते, रागाने नाही. चालू मशीन मध्येच बंद पडलं की ते जसे बघतात तसं.

"काय बोललीस?" बाबांनी विचारलं.

"नंतर सांगते."

जैतूने पोतं आणलं. हांताने एक दाणा दाताखाली धरला. आवाज आला नाही. मी गिरणी चालवली, नमुना घेतला, कणी वेगळी केली, तोलली. शंभरात तेहेतीस. मोठ्याने वाचलं. साहेबांनी पुन्हा वाचायला सांगितलं, पुन्हा वाचलं.

साहेब बाजूला जाऊन फोनवर बराच वेळ बोलले. परत येऊन म्हणाले की तांत्रिक कारणाने पाठवणी पुढे ढकलली आहे, आणि हांताकडे बघून, की दोन्ही देशांच्या मैत्रीत याने काही फरक पडत नाही. हांता म्हणाली, तिलाही तसंच वाटतं. ती त्यांच्याच गाडीतून विमानतळावर गेली. जाताना माझ्याशी हात मिळवला, पत्ता दिला नाही.

सरांनी बाबांच्या खांद्यावर हात ठेवला. "काका, आज तुमचं भात लागलं नाय. परत न्या."

सगळे बघत होते. बाबांनी पोत्याचं तोंड पुन्हा बांधलं. गाठ दोनदा सुटली.

८ नोव्हेंबर

सरांनी मला काढलं नाही. रोलर बसवायचेत, त्याचं ड्रॉइंग मीच करायचं आहे. कपाटाची किल्ली मागितली, दिली. मी माझ्या पासपोर्टाबद्दल विचारलं.

"राहू दे तिथंच. सेफ आहे."

बेटावर आता कोण जाणार, हे त्यांनी सांगितलं नाही. तिथल्या नव्या सरकारला गिरण्या हव्यात की नाही, हेही कोणाला माहीत नाही. आपल्याआधी आणखी एका देशाने देऊ केल्यात, असं कॅन्टीनमध्ये बोलतायत. तसं झालं तर त्या अडीचशे माणसांना कोणाकडे बघायचं ते माहीत आहे. आज जेवताना माझ्या बाकावर कोणी बसलं नाही.

९ नोव्हेंबर, गाव

एसटीने आले. आईने दार उघडलं आणि आत गेली. गावात कळलंय: देवजीचं भात दिल्लीवाल्यांनी परत पाठवलं. काल तिला विहिरीवर एकीने विचारलं म्हणे, कीड लागली होती का.

बाबा पडवीत बसले होते. दोन्ही पोती तिथेच, भिंतीला टेकून. कणगीत परत ओतली नव्हती.

"काय खोट निघाली गो आपल्या भातात?"

"खोट नाय, बाबा. खोट नव्हती म्हणूनच ते नको होतं."

मी सगळं सांगितलं: हांताचा देश, रस्त्यावर वाळणारं भात, चिरा, कणी. सरांनी इंग्रजीत काय सांगितलं तेही. शेवटी बाबा म्हणाले, "मनोज खोटा बोलला. तू खरा बोललीस. पण पोता माझा परत आला."

"हो."

"आता ते तुला ठेवतील?"

"ठेवतील. सोडणार नाहीत."

ते हे चांगलं की वाईट याचा विचार करत असावेत. मी त्यांना मदत केली नाही.

मग हौशीचं सांगितलं. तिचं एक पोतं मी संपवलंय; बदल्यात जुनं द्यायचा शब्द दिलाय. आठ तोंडं आहेत, तिला आजच लागेल.

"नवा देऊ. दीड पोता देऊ."

"जुनं कबूल केलंय."

"हौशीला जुना?" आतून आईचा आवाज आला. "काय गो, ती काय पाहुणी हाय?"

मी खाली वाकून पोत्याचं एक टोक धरलं. पोतं एकटीला उचलणारं नाही. दुसरं टोक बाबांच्या पायाशी होतं. मी तशीच वाकून उभी राहिले.